इथं पाणी येतंय का हो?

२०२४ च्या गणपतीतली गोष्ट. दुपारची आरती नुकतीच आटोपली होती, कापराचा वास अजून घरभर होता आणि दार उघडंच होतं. जिन्यात पावलं वाजली आणि दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. पंचविशीची, घामेजलेली, ओढणीनं मान पुसत. "आरती ऐकू आली म्हणून वर आले," म्हणाली. "मराठी आहात ना?" तळमजल्यावरचा फ्लॅट भाड्यानं घ्यायचा म्हणून ती आणि तिचा नवरा बघायला आले होते, एजंट किल्ली आणायला गेला होता. सांगलीची होती. नवऱ्याला ओएमआर या आयटी कंपन्यांच्या रस्त्यावरच्या एका कंपनीत नोकरी लागलेली, चेन्नईत येऊन नऊ दिवस झालेले, आणि त्या नऊ दिवसांत नवरा सोडला तर कुणाशी समोरासमोर मराठीत बोलली नव्हती. मी तिला आत घेतलं, बशीत उकडीचा मोदक दिला. तिनं तो मधोमध फोडला. मी वरून तुपाची धार सोडत होते, तेवढ्यात तिनं विचारलं, "काकू, इथं पाणी येतंय का हो?"

नळाच्या पाण्याचं ती विचारत नव्हती. सांगलीच्या माणसानं 'पाणी येतंय का' विचारलं की ते कुठलं पाणी हे मला सांगावं लागत नाही. माझं माहेर चिपळूणचं.

"साचतं गं थोडं," मी म्हणाले. "पावसात काय, सगळ्याच चेन्नईत साचतं."

तिनं मान डोलावली, मोदक संपवला, बोटं चाटली आणि खाली गेली. घटस्थापनेच्या आत ती दोघं राहायलाही आली. माझ्या त्या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. आमच्या भागात, वेलाचेरीत, पाणी साचतं. सगळ्या चेन्नईत साचतं. 'थोडं' हा शब्दही कुणाला कितीही लांबवता येतो. पण वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि माझ्या हातातली तुपाची वाटी मला जड लागायला लागली. त्या दिवसापासून ती मुलगी जिन्यात दिसली, हसली, "काकू, कोथिंबीर आणू का?" म्हणाली, की मला आधी तो खांब आठवायचा.

खांब आमच्या पार्किंगमध्ये आहे, जिन्याच्या तोंडाशीच. आठ फ्लॅटची जुनी इमारत, खाली अर्ध्या भागात गाड्या, अर्ध्या भागात एक फ्लॅट. त्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत खांबावर दोन रेघा होत्या. वरची निळ्या ऑइलपेंटची, शिवणीसारखी सरळ, शेजारी सुबक आकड्यांत २-१२-२०१५. खालची लाल, जरा थरथरलेली, ४-१२-२०२३. वरची रेघ तळमजल्यावरच्या तातांनी काढलेली. इथे आजोबांना ताता म्हणतात आणि आजींना पाट्टी. ताता सर्वे खात्यातून निवृत्त झालेले, टेप लावून तीन वेळा मोजल्याशिवाय त्यांनी ब्रश उचलला नव्हता. खालची रेघ काढायला ते नव्हते. ती वॉचमननं काढली, आणि पाट्टींनी काठीचं टोक खांबाला टेकवून त्याला जागा दाखवली.

मे महिन्यात रंगकामाची मीटिंग झाली. गच्चीवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कॉफी, मुरुक्कू. पाट्टी तोवर मुलाकडे बंगळुरूला गेल्या होत्या. मुलगा फोनवर स्पीकर लावून बोलत होता. आवाजात अजिजी होती, दुष्टपणा मुळीच नव्हता. म्हणाला, भाडेकरू येतात, खांब बघतात आणि घर न बघताच परत जातात. आईच्या औषधांचा खर्च त्या भाड्यावर आहे. कुणीतरी म्हणालं, उद्या आपल्याला विकायचं झालं तर आपलंही हेच. हात वर करा म्हणाले. मी हात वर केला. पेंटर आला तेव्हा मी भाजी घेऊन जिन्याशी थांबले होते. त्यानं आधी पत्र्यानं खरवडलं, मग पुट्टी, मग प्रायमर, मग क्रीम रंगाचा पहिला हात. लाल रेघ लगेच गेली. निळी मात्र पहिल्या हातातून दिसत राहिली, दुसऱ्या हातातूनही पुसटशी दिसली. तिसरा हात द्यावा लागला.

चेन्नईचा पाऊस मला अजूनही पाठमोरा वाटतो. चिपळूणला पाऊस म्हणजे मृगाच्या आधी अंगणात पसरलेली गवताची पेंढी उचलणं, आषाढात आठ-आठ दिवस न वाळणारे कपडे, श्रावणात ऊन-पाऊस, आणि गणपती गेले की हळूहळू निरोप. दिवाळीत आकाश धुतल्यासारखं. इथे दिवाळीच्या फटाक्यांवर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर ढग येतात, कधी संध्याकाळी गडगडून जातात, पण खरा पाऊस उलटा, ईशान्येकडून, समुद्रावरून येतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर. वर्षाला साधारण १४०० मिलिमीटर, त्यातला निम्म्याहून जास्त या तीन महिन्यांत. आमच्या चिपळूणला याच्या दुपटीहून जास्त पडतो, पण तो चार महिने पुरवून पुरवून. इथला बंगालच्या उपसागरात एखादं वादळ बसलं की दोन दिवसांत सगळं ओतून मोकळा होतो. पाट्टी एक म्हण सांगायच्या: ऐप्पसीत संततधार, कार्तिगैत मुसळधार. तमिळमध्ये ती तालात आहे, 'अडै मळै, कन मळै', आणि पाट्टी ती म्हणताना मांडीवर हात मारायच्या. कार्तिक-मार्गशीर्षात मी स्वेटर आणि डिंकाच्या लाडवांची तयारी करणारी बाई. या गावानं मला त्या महिन्यांत मेणबत्त्या, कॅनचं पाणी आणि फोनच्या पॉवर बँका भरून ठेवायला शिकवलं.

२०१५ च्या डिसेंबरमध्ये मला यातलं काही येत नव्हतं. नोव्हेंबरभर पाऊस पडून जमीन आधीच टम्म झाली होती. एक डिसेंबरला दिवसभर जे पडलं त्याला मी कोकणातली असूनही पाऊस म्हणाले नसते. समोरची इमारत दिसायची बंद झाली होती. त्या रात्री चेंबरम्बाक्कम तलावातून सेकंदाला २९ हजार घनफूट पाणी अड्यार नदीत सोडलं गेलं आणि नदीकाठची सैदापेट, कोट्टूरपुरम झोपेत असताना बुडाली. आम्ही नदीवर नव्हतो. आमच्याकडे पाणी कुठून आलं हे मला कळलंच नाही. ना लोंढा, ना आवाज. दहा वाजता रस्ता चमकत होता, अकरा वाजता गेटची खालची पट्टी दिसत नव्हती, आणि साडेअकराला जिन्यातून पाट्टींची हाक आली. आम्ही त्यांचं जे जमेल ते वर आणलं: देव, औषधं, तांदळाचं पोतं, तातांची कागदपत्रांची ट्रंक. फ्रिज उचलता आला नाही. मध्यरात्री तो आतल्या आत तरंगून दाराला टकटक करत होता. कुणीतरी पाहुणा आल्यासारखी ती टकटक पहाटेपर्यंत चालली. त्या आवाजानं पाट्टी दर वेळी दचकून उठायच्या.

ताता-पाट्टी पाच दिवस आमच्या हॉलमध्ये राहिले. तातांना सकाळी पेपर लागायचा, उभं आयुष्य 'द हिंदू' वाचलेला माणूस. दोन तारखेला ते दर तासाला बाल्कनीत जाऊन खाली बघायचे, जणू त्या पाण्यातून पेपरवाला पोहत येईल. तो कसा येणार होता, पेपर छापलाच गेला नव्हता. छापखान्यात माणसं पोचू शकली नाहीत. १८७८ पासून चाललेल्या त्या पेपरच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं, हे नंतर कळलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. एरवी कमी बोलणाऱ्या तातांनी त्या दिवसांत मला वेलाचेरी समजावली. मी पोळ्यांची कणीक मळत होते. त्यांनी परातीतल्या कोरड्या पिठात बोटानं नकाशा काढला. ही पळ्ळीकरणैची दलदल, जुन्या लोकांच्या तोंडी कळुवेली. दक्षिण चेन्नईच्या कितीतरी तलावांचं पाणी उतरत उतरत इथे येतं. इथून ओक्कियम मडुवु नावाच्या चिंचोळ्या वाटेनं बकिंगहॅम कालव्यात, कालव्यातून खाली मुट्टुकाडूच्या खाडीत, आणि तिथून समुद्रात. समुद्रावर वादळ असेल तर समुद्र पाणी घेत नाही. मग ते जिथे थांबायचं तिथे थांबतं. त्यांनी बोट उचललं आणि पिठात एक टिंब काढलं. "हे आपलं घर," म्हणाले. टिंब दलदलीच्या आत होतं. त्यांनी ते जरा बाहेर सरकवून बघितलं आणि पुन्हा आत आणलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, म्हणाले, आणि निवृत्तीचे सगळे पैसे घालून घर घेताना बिल्डरचा नकाशा मोजला नाही.

पाणी ओसरल्यावर त्यांनी सगळ्यात आधी निळ्या रंगाचा छोटा डबा मागवला.

मधल्या वर्षांत या शहरानं दुसरं टोकही दाखवलं. २०१९ च्या उन्हाळ्यात तोच चेंबरम्बाक्कम तलाव भेगाळला होता. आमच्या इमारतीच्या संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, तळाचा गाळ दिसत होता, टँकरसाठी रात्री दोनला उठून बादल्या लावत होतो, आणि जोलारपेटहून पाण्यानं भरलेली मालगाडी आली तेव्हा ती बातमी आम्ही सणासारखी वाचली. ताता तेव्हा अंथरुणाला खिळलेले. त्यांना खाटेवरून खिडकीतून तो खांब दिसायचा. बादली भरण्यासाठी त्या खांबाला टेकून रांगेत उभी राहताना, आपल्या छातीच्या पातळीला असलेल्या त्या निळ्या रेघेकडे बघताना मला गरगरल्यासारखं व्हायचं. याच जागी, एवढं पाणी. ताता त्याच वर्षी गेले.

मिचाँग वादळाच्या वेळी, म्हणजे २०२३ च्या डिसेंबरात, मी स्वतःला तयार समजत होते. वादळ किनाऱ्याला समांतर, रेंगाळत वर सरकत होतं. जमिनीवर चढलं ते पाच तारखेला, पार आंध्रात बापट्लाजवळ. पण त्याआधी तीन आणि चार तारखेला आमच्या डोक्यावर जणू मुक्कामालाच होतं. तीनला संध्याकाळीच ईबीनं, म्हणजे वीज मंडळानं, वीज बंद केली. चारला सकाळी पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीवर. पळ्ळीकरणैला एका सोसायटीतल्या गाड्या खेळण्यांसारख्या वाहत गेल्या, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. आम्ही तो चार दिवसांनी पाहिला, आमच्याकडे रेंज नव्हती. पुराची बातमी पुरातल्या माणसांना सगळ्यात शेवटी कळते. गाड्यांचे हॉर्न मात्र पाण्याखालून आपोआप वाजायला लागले होते. एक संपला की दुसरा. मग तेही गप्प झाले आणि बेडूक सुरू झाले. असे बेडूक मी चिपळूणलाही ऐकले नव्हते, जणू दलदल आपल्या जुन्या जागेवर परत येऊन बोलत होती.

वास सांगायला हवा, कारण तो फोटोत येत नाही. पुराचं पाणी म्हटलं की मला लाल मातीचा, कुजलेल्या पानांचा, नदीचा वास आठवायचा. हे पाणी काळं होतं. गटार, डिझेल आणि पेरुंगुडीच्या कचरा डेपोची आंबूस घाण, आणि त्यावर कुणाच्या तरी देवघरातून आलेली शेवंतीची फुलं तरंगत होती. संपमध्ये ते पाणी शिरलं, म्हणजे वरच्या टाकीत जे होतं तेवढंच आमचं. डोशाचं पीठ फ्रिजबाहेर पहिल्या दिवशी आंबलं, दुसऱ्या दिवशी फसफसून डब्याबाहेर आलं. तरी आम्ही गॅसवर त्याचे उत्तप्पे केले आणि आठही घरांत वाटले. आंबट ढाण होते, पोरांनी तोंडं वाकडी करत खाल्ले. दुधाची पिशवी कुठे मिळेना. फोनवर पैसे पाठवायची सवय झालेली, घरात रोख चारशे रुपये. तिसऱ्या मजल्यावरच्या बाळंतिणीला डॉक्टरकडे न्यायचं होतं, ताप उतरत नव्हता.

पाचला दुपारी बोट आली. फायबरची, मासे धरायची, निळी-पांढरी. तळाशी जाळ्याचे तुकडे आणि खवले चिकटलेले. तिघं कोळी होते. एकजण पाण्यात उतरून छातीपर्यंत बुडत, पायांनी रस्ता चाचपत पुढे चालत होता, कारण उघडी गटारं कुठे आहेत हे वरून दिसत नव्हतं. आमच्या गल्लीतल्या एकाही माणसानं त्याला तिथे गटार आहे हे आधी ओरडून सांगितलं नाही. आम्ही तिथे बारा वर्षं राहत होतो आणि आम्हालाच ठाऊक नव्हतं. बाळंतीण, तिची आई आणि पाट्टी बोटीत बसल्या. पाट्टींना उचलून ठेवावं लागलं. बसल्यावर त्यांनी काठीनं खांबाकडे खूण केली आणि वॉचमनला ओरडून काहीतरी सांगितलं. मला वाटलं, घराच्या किल्लीचं असेल. त्या सांगत होत्या, इथपर्यंत आलंय, खूण करून ठेव, ते नाहीत.

मी त्या कोळ्यांना कुठून आलात असं विचारलं नाही. पाण्याची एक बाटली दिली, त्यांनी ती घेतली नाही. तुम्हालाच लागेल, म्हणाले. पुढे टीव्ही सुरू झाल्यावर दिसलं की त्याच पुराच्या पाण्याबरोबर एन्नूरच्या खाडीत तेल पसरलंय, आणि तिथले कोळी मगानं आणि बादलीनं ते काळं तेल खाडीतून उपसतायत. कोपरापर्यंत हात काळे, बोटींना काळा थर. आमच्याकडे आलेले ते तिघं तिथलेच होते की नाही, मला ठाऊक नाही. पण त्या हातांकडे बघताना मी चहाचा कप खाली ठेवला होता, एवढं आठवतं.

आणि एवढं सगळं पाहिलेली मी, नऊ महिन्यांनी मोदकावर तूप घालत म्हणाले: साचतं गं थोडं.

आमच्या चिपळूणच्या घराला सागवानी चौकट आहे. तिच्या डाव्या बाजूवर आम्हा भावंडांच्या उंच्या आहेत, दर पाडव्याला आई डोक्यावर पट्टी ठेवून खिळ्यानं रेघ ओढायची. उजव्या बाजूवर पाण्याच्या उंच्या आहेत. आजोबांच्या काळातल्या दोन, मग २००५ च्या २६ जुलैची, मग २०२१ च्या २२ जुलैची. वाशिष्ठीला भरती आणि वर सह्याद्रीत पाऊस एकाच वेळी गाठ पडली की बाजारपेठेत पाणी येणार, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. माझी दहावीतली उंची २००५ च्या रेघेखाली आहे. २०२१ ची रेघ सगळ्या भावंडांच्या वर आहे. त्या पहाटे आईचा फोन आला होता, "पायरीशी आलंय, माळ्यावर चाललोय," आणि नंतर फोन लागला नाही. मी इथे, वेलाचेरीत, कोरड्या जुलैत, स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून उभी होते. दोन दिवसांनी भाऊ बोलला. पुढे गेले तेव्हा घरात पोटरीइतका चिखल होता, आईच्या लग्नातल्या शालूचा गोळा झाला होता. पण चौकटीवर नवी रेघ होती. भांडी घासायच्या आधी तिनं ती ओढली होती. मला तेव्हा ते कसंतरीच वाटलं होतं, जखमेची मापं काढून ठेवल्यासारखं. तर वहिनी सहज म्हणाली, "बरं झालं, आता तांदळाचं पिंप कुठल्या फळीवर ठेवायचं ते कळलं." आमच्याकडे स्थळ आलं तरी चौकट झाकत नाहीत. सासरची मंडळी ती वाचतात, 'बापरे' म्हणतात आणि चहा पितात.

ती सांगलीची मुलगीही अशाच घरातली निघाली. नवरात्रात एकदा वाटीत मटकीची उसळ घेऊन वर आली होती. सहज बोलता बोलता म्हणाली, "आमच्याकडं भाडेकरूला आधीच सांगतात काकू. आयर्विनला पंचेचाळीस फूट झाले की अंगणात, पन्नास झाले की घरात. मग ज्याची त्याची मर्जी." २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेनं आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फूट ओलांडले, तेव्हा ती कॉलेजात होती, एनडीआरएफच्या बोटीतून बाहेर पडली होती. हे सांगताना ती माझ्या ओट्यावर बोटानं उगाच रेघा ओढत होती. मी उसळीचं कौतुक केलं, पुन्हा पुन्हा केलं.

का सांगितलं नसेल मी तिला? रात्री पडल्या पडल्या मी याची उत्तरं देत असे. मालकाच्या मुलाची अडचण. पाट्टींची औषधं. आपल्याही घराची किंमत. मीटिंगमध्ये हात वर केला होता, आता शब्द फिरवायचा कसा. ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यांतलं कुठलंच कारण ते नव्हतं. त्या दुपारी ती दारात उभी राहून "मराठी आहात ना?" म्हणाली तेव्हा माझ्या पोटात काहीतरी हललं होतं. बारा-तेरा वर्षं मी इथे तमिळ शिकले, रसम करायला शिकले, मार्गळीच्या पहाटे दारापुढे कोलम काढायला शिकले. माणसं फार मायेची मिळाली. पण जिन्यात उभं राहून, काहीही काम नसताना, आपल्या भाषेत "काय गं, जेवलीस का" असं म्हणायला खाली कुणी नव्हतं. मला ती हवी होती. तिला खरं सांगितलं असतं तर ती गेली असती.

चौदा ऑक्टोबरला, सोमवारी, हवामान खात्याचा इशारा आला. उपसागरात कमी दाबाचा पट्टा, सोळाला रेड अलर्ट. सोळाला कोजागरी. कोकणातल्या माणसाला पौर्णिमा म्हटली की आधी उधाण आठवतं, मग दूध. पिठातला नकाशा डोळ्यांपुढे आला: समुद्र पाणी घेणार नाही. संध्याकाळी नवरा गाडी घेऊन वेलाचेरीच्या उड्डाणपुलावर गेला. जाऊन बघतो तर पुलाच्या दोन्ही कडांना आधीच गाड्यांच्या रांगा. माणसं गाड्या लावून, आरसे मिटवून, टायरखाली दगड सारून खाली चालत येत होती. आधी पोलीस दंड करत होते म्हणे, मग त्यांनीही हात टेकले. पावसाचा अजून एक थेंब पडला नव्हता. हवा दमट, थांबलेली, खारट. समोरच्या दुकानात ब्रेड संपला होता. गल्लीत जुनी बैठी घरं आहेत, दर डांबरीकरणाला रस्ता वर चढत गेल्यानं ती आता खड्ड्यात गेलीत. त्यातलं एक त्या वर्षी मालकानं जॅक लावून उचलून घेतलं होतं. बाकीच्या घरांतली माणसं दारात वाळूची पोती रचत होती.

ती खाली पार्किंगमध्ये उभी होती, हातात झाडू. "काकू, सगळे गाड्या पुलावर का नेतायत?" तिला उत्तर माहीत होतं. तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं ते. ती फक्त माझ्याकडून ऐकायला थांबली होती.

मी काही बोलायच्या आधी खांबाशी गेले. सवयीनं रेघ शोधली. क्रीम रंग गुळगुळीत होता, गेटच्या दिव्याखाली चकाकत होता. बोटं फिरवली तर पुट्टीचा किंचित उंचवटा लागला, बस. टेप आणायला वर जावं असं वाटलं, पण वर गेले असते तर परत खाली यायला पुन्हा तेवढंच बळ लागलं असतं. मी खांबाला पाठ लावून उभी राहिले आणि तळहात आडवा कमरेशी धरला. "हे तेवीसचं." मग हात वर नेला, छातीशी. "हे पंधराचं. पाच दिवस होतं."

ती काही म्हणाली नाही. झाडू तिनं भिंतीला टेकवला. मला वाटलं होतं चिडेल. मी तयारही होते. "तुम्ही तेव्हा सांगितलं असतं तरी घेतलंच असतं बहुतेक," ती बऱ्याच वेळानं म्हणाली, "भाडं एवढंच परवडतंय. पण पलंग खाली आणला नसता, आईचं शिलाई मशीन मागवलं नसतं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि मला ते जास्त लागलं.

मग ती माझ्याजवळ आली, खांबाला पाठ लावून, माझ्या शेजारी. माझा हात अजून छातीशी आडवाच होता. तिनं तो मनगटाला धरून तसाच, पातळी न हलवता, स्वतःकडे ओढला. ती माझ्यापेक्षा बरीच बुटकी आहे, हे इतक्या दिवसांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या छातीएवढं पाणी तिच्या गळ्याशी लागत होतं.

"आधी मशीन," ती म्हणाली.

आम्ही दोघींनी दोन बाजूंनी धरलं आणि जिन्याकडे निघालो.